पिंक फ्लॉइड: ढगांआड राहिलेले अल्बम

माळरान | ११ जुलै, २२:१४

नमस्कार मंडळी,

१९९४ साली मामेभावाने मला टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा 'डार्क साइड ऑफ द मून' भरून दिला. ए बाजूला ४३ मिनिटांचा अख्खा डार्क साइड. बी बाजू रिकामी जाऊ नये म्हणून त्याने 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' भरला असणार, कारण तो ४० मिनिटांचा आहे, बरोबर मावतो. कव्हरवर मात्र बॉलपेनने एवढंच लिहिलेलं: 'पी. एफ. - डार्क साइड'. झालं! पुढची दोन वर्षं मी बी बाजूला डार्क साइडचा उत्तरार्धच समजत होतो. कॉलेजात कुणी "त्यातलं 'मनी' भारी" म्हणालं की मी म्हणायचो, "हो, पण दुसऱ्या बाजूला जास्त मजा आहे." लोक मान डोलवायचे. त्यांनी बहुतेक एकही बाजू ऐकलेली नसायची.

खरं कळल्यावर लाज वाटली, पण मत बदललं नाही. डार्क साइड, विश यू वर हिअर, द वॉल यांच्यापुढे आपण बाकीच्यांकडे बघतच नाही. आणि त्या बाकीच्यांत 'ऑब्स्क्युअर्ड'वर सगळ्यात जास्त अन्याय झालाय असं माझं म्हणणं आहे. १९७२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पॅरिसजवळच्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत, मध्ये जपानचा दौरा उरकून, दोन आठवड्यांत हातावेगळा केलेला हा अल्बम. बार्बे श्रोडर या दिग्दर्शकाच्या सिनेमासाठी. महान काहीतरी करायचंय असं डोक्यात नसल्यामुळे गाणी कशी सुटसुटीत, तीन-चार मिनिटांची. 'स्टे'मध्ये की-बोर्डवाला रिक राइट गातो ते ऐकून बघा. 'चाइल्डहूड्स एंड' ऐका, शब्द गिटारवाल्या गिल्मरचे. त्यानंतर फ्लॉइडसाठी शब्द लिहायला त्याने १९८७ उजाडवलं.

तुमचा दुर्लक्षित अल्बम कुठला? आणि का?

खडूस_काका | ११ जुलै, २२:३१

पहिला! खुर्ची पकडून बसलोय.

एकच विनंती. त्या अल्बमचं नाव आद्याक्षरांत लिहू नका. "ओबीसीवर अन्याय झाला" असं वाचून संपादक धागा थेट राजकारणात हलवतील.

जुनाट_इंजिनीअर | ११ जुलै, २२:५८

काका =)) =))

माझं मत 'अ‍ॅनिमल्स'ला. १९७७. पाच गाणी, त्यातली दोन दीड-दीड मिनिटाची, म्हणजे खरी तीनच. 'डॉग्ज' १७ मिनिटांचं. होस्टेलला आमच्या विंगेत रात्री अडीचला कुणाच्या तरी खोलीतून त्याची गिटार ऐकू यायची आणि बाकीचे भिंतीवर बुक्क्या मारायचे. मला नोकरी लागल्यावर ते गाणं कळलं. आधी दुसऱ्यांचे लचके तोडायला शिकायचं, मग म्हातारपणी एकट्याने मरायचं. पहिल्या अप्रेझलनंतर घरी येऊन लावलं होतं. बायको म्हणाली, "एवढं काय झालंय? साडेआठ टक्के दिलेत ना?"

शून्यप्रहर | ११ जुलै, २३:०६

अ‍ॅनिमल्स दुर्लक्षित?? इंग्लंडात दोन नंबरला, अमेरिकेत तीन नंबरला गेलेला अल्बम! आज कुठल्याही फ्लॉइडवाल्याला विचारा, डोळे मिटून "अ‍ॅनिमल्स" म्हणतो. 'मी इतरांसारखा नाही' हे सांगायचं सगळ्यात सोपं उत्तर आहे ते. हा अल्बम स्पर्धेतून बाद करावा.

जुनाट_इंजिनीअर | ११ जुलै, २३:११

मग अमेरिकेत ४६ नंबरवर अडकलेला माळरानांचा अल्बम दुर्लक्षित नाही, नुसता पडलेला आहे. ह. घ्या.

माळरान | ११ जुलै, २३:१५

इंग्लंडात सहावा होता हो. तेवढं तरी म्हणा.

रानजाई | १२ जुलै, ०७:४०

सकाळी सकाळी छान धागा. मी रॉकवाली नाही, गाणं शिकवते. पण भावामुळे हे सगळं कानावर पडलंय आणि माझं लाडकं म्हणजे 'अ‍ॅटम हार्ट मदर'. पहिली बाजू २३ मिनिटांची एकच रचना, ब्रास, चेलो, समूहगान. भावाचे मित्र म्हणायचे, "फार लांब आहे." मी म्हणायची, "तेवीस मिनिटांत आमच्या बुवांचा षड्जसुद्धा लागत नाही!"

मला त्यात एक गोष्ट फार गंमतीची वाटते. लय हलते. नीट हाताने ताल धरून बघा, मध्येच किंचित पुढे पळते, मध्येच मागे रेंगाळते. आधी वाटलं रेकॉर्ड प्लेयर खराब आहे. ड्रमवाल्या मंडळींनी सांगावं, हे मुद्दाम आहे का?

ढोलताशा | १२ जुलै, ०९:२२

ताई, तुमच्या कानाला सलाम. मुद्दाम अजिबात नाही.

ईएमआय या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने तेव्हा नवीन एक इंची टेपवर आठ ट्रॅकची यंत्रं आणली होती आणि ती टेप कापून जोडायला मनाई होती. म्हणजे पाया एका दमात भरायचा. मग वॉटर्स बेसवर आणि मेसन ड्रम्सवर, दोघंच बसले आणि सगळं २३ मिनिटांचं एकदम वाजवलं. समोर ना गिटार, ना सूर, ना ऑर्केस्ट्रा. फक्त "आता कितवा भाग?" हे डोक्यात. तबलजीला गायकाशिवाय अख्खा ख्याल वाजवायला बसवा आणि गायकाला नंतर बोलवा, तसा प्रकार. त्यावर रॉन गीसिन या संगीतकाराने ब्रास आणि कोरस लिहिला. बिचाऱ्या ऑर्केस्ट्राला त्या हलत्या लयीवर बसवताना घाम फुटला.

आता माझा मुद्दा. गिल्मरला स्वतःलाच तो अल्बम आवडत नाही, त्याला कचरा म्हणून झालंय त्याचं. ज्याचं त्यालाच नको असलेलं पोर आपण का कडेवर घ्यायचं?

रानजाई | १२ जुलै, ०९:५०

ज्याचं त्याला नको असतं म्हणूनच शेजारणी कडेवर घेतात हो.

माहितीबद्दल मनापासून आभार. विद्यार्थ्यांना सांगेन.

सातारी_कंदी | १२ जुलै, १०:३५

अ‍ॅटम हार्ट मदर म्हणजे तो गायीच्या फोटोचा ना? कव्हरवर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. नुसती गाय वळून बघतीये.

आमच्या घरी चार जनावरं आहेत, त्यामुळे अधिकाराने सांगतो: ती एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रीजियन आहे. दूध भरपूर, फॅट कमी. डेअरीत साडेतीनच्या वर लागत नाही. अल्बमचंही तसंच.

खडूस_काका | १२ जुलै, १०:३९

हा प्रतिसाद फ्रेम करून लावावा. एवढं नेमकं परीक्षण कुठल्या इंग्रजी मासिकात आलं नसेल.

टेम्सकाठचा | १२ जुलै, १४:१२

त्या गायीचं नाव लुलुबेल तिसरी. अल्बमचं नाव वर्तमानपत्रातल्या मथळ्यावरून उचललेलं, अणुशक्तीवर चालणारा पेसमेकर बसवलेल्या एका बाईची बातमी होती. आणि सातारी, फॅट कमी असला तरी फ्लॉइडचा इंग्लंडात पहिल्या नंबरवर गेलेला पहिला अल्बम तोच.

इथे लंडनात राहून फ्लॉइडचं एक वेगळंच दुःख होतं. अ‍ॅनिमल्सच्या कव्हरवरचं बॅटरसी पॉवर स्टेशन आता मॉल आहे. २०२२ पासून. आत घड्याळांची दुकानं, वर श्रीमंतांचे फ्लॅट. ज्या धुराड्यांमध्ये १९७६ च्या डिसेंबरात फुगवलेलं डुक्कर बांधलं होतं, त्यातल्या एकात आता काचेची लिफ्ट. मूळ डुक्कर दोर तुटून उडालं, विमानांच्या वाटेत गेलं आणि केंटमधल्या शेतात उतरलं हे सगळ्यांना माहीत असेलच. आई-बाबा आले तेव्हा त्यांना हौसेने घेऊन गेलो. बाबांनी मान वर करून चारही धुराडी बघितली आणि म्हणाले, "परळला अशी पुष्कळ होती." पुढे काही बोलले नाहीत. गिरणीत होते ते.

असो. मूळ प्रश्नावर: २०१९ च्या मे महिन्यात राउंडहाउसला निक मेसनचा कार्यक्रम बघितला. हा मनुष्य डार्क साइडच्या आधीचंच वाजवतो, त्यासाठीच बँड काढलाय. ऑब्स्क्युअर्डचं शीर्षक-वादन आणि त्याला जोडून 'व्हेन यू आर इन' वाजलं तेव्हा शेजारचा साठीचा गोरा उभा राहून ओरडत होता. तेव्हा माळरान, तुम्ही एकटे नाही.

मोदकप्रेमी | १२ जुलै, १४:४०

परळच्या वाक्याला थांबलो.

शून्यप्रहर | १२ जुलै, १६:०५

आता माझी पाळी. माझा अल्बम 'द फायनल कट', १९८३. शिव्या घालायला सुरुवात करा.

ढोलताशा | १२ जुलै, १६:११

घालतोच. तो पिंक फ्लॉइडचा अल्बम नाहीच. रिक राइट नाही, त्याला वॉलच्या वेळीच काढलेलं. गिल्मर एकाच गाण्यात मुख्य आवाजात, आणि निर्माता म्हणून त्याचं नावही गळलं. शेवटच्या गाण्यात ड्रम्सवर मेसनसुद्धा नाही, अँडी न्यूमार्क आहे! कव्हरवर सरळ लिहिलंय की रॉजर वॉटर्सकृत, सादरकर्ते पिंक फ्लॉइड. नाटक कंपनीच्या जाहिरातीसारखं. वर चारेक गाणी वॉलमधून उरलेली. गिल्मरने तेव्हाच विचारलं होतं की तेव्हा नको होती ती आता कशी चालतात? म्हणजे हा फोडणीचा भात आहे.

शून्यप्रहर | १२ जुलै, १६:२०

फोडणीचा भात ताज्या भातापेक्षा चांगला लागतो हे महाराष्ट्रात येऊन सांगायला लागावं?

मोदकप्रेमी | १२ जुलै, १६:२२

+१. वर दाणे आणि कच्चा कांदा हवा.

सातारी_कंदी | १२ जुलै, १६:३०

आणि मिरची चिरून, तिखट नको.

खडूस_काका | १२ जुलै, १६:४१

पाककृती विभाग उजवीकडे आहे. रांगेत जा.

पलटण | १२ जुलै, २१:१७

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. फायनल कटचा विषय निघाला म्हणून.

आम्ही रायगड जिल्ह्यातले, माणगावच्या बाजूचे. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले. आमच्या भागात यशवंत घाडगे हे नाव पोरासोरांनाही ठाऊक असतं. १० जुलै १९४४, टायबर नदीचं खोरं, बरोबरचे सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. आजोबा मात्र त्यावर कधी बोलायचे नाहीत. "थंडी होती," एवढंच. आणि तिथल्या शेवया जाड असतात म्हणायचे. ट्रंकेत एक कान तुटलेला इनॅमलचा मग होता, त्यातच शेवटपर्यंत चहा घेतला. मग पालथा घालून ठेवायचे, दुसऱ्या कुणी हात लावलेला चालायचा नाही.

वॉटर्सचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स त्याच इटलीत, अँझिओला, १९४४ च्या फेब्रुवारीत गेले. मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा. फायनल कट त्या वडिलांना वाहिलेला आहे. १९८२ चं फॉकलंडचं युद्ध बघून हा माणूस विचारतो की तुम्ही ज्यासाठी मेलात त्याचं या लोकांनी काय केलं? मला सतरा-अठराव्या वर्षी हे काही माहीत नव्हतं. 'द गनर्स ड्रीम' लावलं होतं, सॅक्सोफोन सुरू झाला, आणि आजोबा दारात येऊन उभे राहिले. इंग्रजी जेमतेम, शब्द काय कळले असतील देव जाणे. पूर्ण होईपर्यंत उभे होते. मग म्हणाले, "आवाज कमी कर, झोपलेत सगळे."

ढोलताशा, ड्रम कुणी वाजवले हे मला माहीत नव्हतं. आता कळलं. त्याने माझं मत बदलणार नाही, पण तुमचंही चूक नाही.

ढोलताशा | १२ जुलै, २१:४०

_/\_

शिव्या मागे. आज रात्री पुन्हा ऐकतो, दिवे बंद करून.

रानजाई | १३ जुलै, ०६:५५

पलटण, तो मग अजून आहे का घरी?

पलटण | १३ जुलै, ०८:१०

आहे ताई. आई त्यात तुळशीचं रोप लावायला निघाली होती, मी काढून घेतला.

नवखी | १३ जुलै, ११:२६

नमस्कार, इथे पहिलाच प्रतिसाद. वय २२, तेव्हा सांभाळून घ्या.

मी कॅसेट बघितलेली आहे, लावलेली नाही. माझी फ्लॉइडची सुरुवात 'हाय होप्स'ने झाली, कारण पप्पांच्या गाडीत 'द डिव्हिजन बेल' असायचा. इथे त्याचं नावही कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. १९९४ चा आहे म्हणजे काका लोकांसाठी नवीन असेल. ;) 'वेअरिंग द इनसाइड आउट'मध्ये रिक राइट किती वर्षांनी गायलाय! 'कीप टॉकिंग'मध्ये स्टीफन हॉकिंगचा आवाज आहे. माझ्यासाठी फ्लॉइड म्हणजे हेच, वॉटर्स बँड सोडून गेल्यावरचं, भांडण मिटल्यानंतरचं. वॉटर्सचे अल्बम ऐकताना सतत कुणीतरी रागावतंय असं वाटतं.

धागा वाचून काल विरार लोकलमध्ये ऑब्स्क्युअर्ड ऐकला. 'स्टे' तीनदा.

जुनाट_इंजिनीअर | १३ जुलै, ११:५०

स्वागत! "काका लोकांसाठी" हे आम्ही वाचलं नाही असं समजतो.

डिव्हिजन बेल चांगलाच आहे, पण त्याच्या आधीचा 'मोमेंटरी लॅप्स' सहन होत नाही. समुद्रकिनाऱ्यावर शेकडो हॉस्पिटलच्या खाटा मांडून फोटो काढायला कष्ट घेतले, तेवढे ड्रम्सवर घेतले असते तर! सगळं ऐंशीच्या दशकातल्या साबणाच्या जाहिरातीसारखं चकचकीत.

ढोलताशा | १३ जुलै, १२:१५

हे मात्र माझं क्षेत्र. मेसनचा हात तेव्हा बसलेला नव्हता, त्यामुळे मशीन आणि बाहेरचे वादक वापरले. पुढे त्यांनाच खटकलं. नंतर मेसनने नव्याने ड्रम्स वाजवले, राइटचं की-बोर्ड वादन कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणातून घेऊन मिसळलं आणि नवी आवृत्ती २०२१ ला वेगळी काढली. ती ऐका. घर तेच, पण पीओपीचं छत काढून टाकलंय.

ता. क. फायनल कट ऐकला. 'टू सन्स'मध्ये न्यूमार्क सुंदर वाजवतो. चिडचिड झाली.

मोदकप्रेमी | १३ जुलै, १३:०२

'उमागुमा' या अल्बमबद्दल कुणी काहीच बोललं नाही?

शून्यप्रहर | १३ जुलै, १३:०४

कुणी बोलू नये.

टेम्सकाठचा | १३ जुलै, १३:३०

पहिली तबकडी, कार्यक्रमातली, उत्तम आहे. दुसरीवर चौघांना अर्धी अर्धी बाजू वाटून दिली, भावकीत वाटणी होते तशी. गिल्मरने वॉटर्सकडे शब्द मागितले तर तो नाही म्हणाला. वाटणी झाल्यावर विहिरीचं पाणीसुद्धा देत नाहीत. तरी वॉटर्सचं 'ग्रँटचेस्टर मेडोज' जरूर ऐका. त्याच्यापुढचं, गुहेतल्या लहान केसाळ प्राण्यांचं, घरात मांजर असेल तर लावू नका. आमचं दोन तास पलंगाखाली होतं.

रानजाई | १३ जुलै, १८:२०

मांजरावरून आठवलं. अ‍ॅटम हार्ट मदरच्या शेवटी ते न्याहारीचं गाणं आहे, अ‍ॅलन नावाच्या त्यांच्या रोडीचं (दौऱ्यावर सामान सांभाळणारा). किटली, तळणं, मध्येच पुटपुटणं, आणि नळाची टिपटिप. रेकॉर्डच्या शेवटच्या गोल खाचेत ती टिपटिप अडकवून ठेवलीये, त्यामुळे सुई उचलेपर्यंत थांबत नाही. भाऊ एकदा ऐकता ऐकता झोपला. आमच्याकडे तेव्हा सकाळी तासभरच पाणी यायचं. आई रात्री दोनदा उठून मोरी बघून आली, तिसऱ्यांदा नळाला फडकं बांधलं. सकाळी तबकडी फिरतच होती. त्यानंतर घरात पिंक फ्लॉइडचं नाव 'नळवाले'.

सातारी_कंदी | १३ जुलै, १८:३१

नळवाले =)) आजपासून हेच नाव.

पलटण | १३ जुलै, २२:०५

माळरान, तुमच्या सांगण्यावरून ऑब्स्क्युअर्ड नीट ऐकला. इतकी वर्षं राहून गेला होता. 'फ्री फोर' काय गाणं आहे! टाळ्यांवरची उडती चाल, आणि शब्द बघितले तर म्हातारपण, मरण. त्यात त्याच्या वडिलांचा उल्लेख येतो, १९७२ मध्ये! म्हणजे वॉल आणि फायनल कट जिथे जाऊन पोचले, ती वाट तुमच्या त्या 'सहज केलेल्या' अल्बममधून गेलीये.

माळरान | १४ जुलै, १०:४८

पलटण, इतक्या वर्षांत मी त्या गाण्यावर नुसता ठेका धरत आलो. आज सकाळी पुन्हा लावलं, ठेका धरवला नाही.

नवखी, 'स्टे' तीनदा ऐकल्याबद्दल तुला माझ्याकडून वडापाव. शून्यप्रहर, अ‍ॅनिमल्स बाद करायला माझी हरकत नाही, पण टेम्सकाठच्यांच्या वडिलांच्या वाक्यासाठी यादीत ठेवू.

आता एक कबुली. हा धागा मामेभावाला दाखवावा म्हणून काल नांदेडला फोन केला. तो बँकेतून रिटायर झालाय. म्हटलं, "दादा, तू बी बाजूला ऑब्स्क्युअर्ड भरलास ते नुसतं मावतं म्हणून, की आवडायचा म्हणून?"

तो म्हणाला, "काय भरलं?"

म्हटलं, कॅसेट, चौऱ्याण्णव साल, डार्क साइड.

"हां, ती होय. रूममेटकडची होती, जशीच्या तशी कॉपी केली. दोन्ही बाजू आहेत ना नीट? मी तर गाडीत अजून दुसरी बाजूच शोधत असतो, पण यूट्यूबवर अर्धाच डार्क साइड टाकतात हे लोक."

त्याला लिंक पाठवली आहे. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.